एक टोपली रामेठा

अणशीच्या घाटमाथ्यावर कुणब्यांचा एक आठ चुलींचा वाडा होता. त्या वाड्यात साल कुटायचा मान पारूकडे होता. मान म्हणजे काय, तर हात सोलवटून घ्यायचं काम. रामेठा नावाच्या रानझुडपाची साल ओली असताना दगडावर ठेचली की तळव्याला फोड येतात, डोळे चुरचुरतात, नाक गळायला लागतं. पण पहिला घाव पारूनं घातल्याशिवाय दुसऱ्या कुणी दगड उचलायचा नाही, असा रिवाज. तिच्या आधी तिची सासू घालायची, त्याच्या आधी सासूची सासू. पारू चाळिशीची विधवा बाई, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिला या मानाचा एवढा तोरा की फोड आलेले हात ती मुद्दाम चारचौघांत पुढे करून बसायची.

साल कशाला, तर माशांना. वैशाखात ओढ्याचं पाणी आटून कोंडीपुरतं, म्हणजे खोल डोहापुरतं, उरलं की सगळा वाडा कोंडीवर जायचा. कुटलेली साल पाण्यात कालवली की घटकाभरात मासे गुंगून वर यायचे, पांढरी पोटं दाखवत. मोठे उचलायचे, बारके सोडून द्यायचे. बारके वाहत खालच्या नितळ पाण्यात गेले की पुन्हा शेपट्या हलवायला लागायचे, हे पारूनं जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं. ते मासे वाळवून ठेवायचे. पावसाचे चार महिने रानातून बाहेर पडायची सोय नाही, कणगीतली नाचणी खाली बसलेली, तेव्हा या सुक्या माशांवर आठ घरांची पोरंबाळं जगायची. हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की ही कोंड बंद झाली असती तर वाड्याचं काय झालं असतं हे आधी समजलेलं बरं.

बंद व्हायची वेळ आलीच होती. जर्मनांचं पहिलं युद्ध सुरू झालं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. काळी नदीच्या मुखाशी, खाडीत, कोळंबीची पिल्लं मरून तरंगायला लागली. खाडीतल्या मच्छीमारांनी अर्ज केला, की वरचे कुणबी नदीत झाडपाल्याचं विष घालतात ते वाहत आमच्यापर्यंत येतं. सरकारनं चौकशीला एक शिकलेला माणूस नेमला, परशुरामपंत नावाचा. त्यानं रानाच्या राखणदाराकरवी निरोप धाडला: साल कुटणारं माणूस ताजी साल घेऊन कारवारला हजर व्हावं, आम्ही ती कोळंबीवर लावून बघणार. कुणी आलं नाही तर कोंड कायमची बंद.

वाड्याचा बुदवंत, म्हणजे म्होरक्या, होता पारूचा दीर भिकाजी. मोठा धोरणी माणूस! निरोप ऐकल्याबरोबर तो पारूच्या अंगणात येऊन बसला.

"वैनी, गेल्या सालची वाळकी साल हाय न्हवं माळ्यावर? ती घेऊन जा. त्यात आता दम न्हाई. कोळंबी मरायची न्हाई, सायब गप बसंल."

"वाळकी साल नेऊ? मी?" पारू उसळली. "लोक म्हनतील पारूला साल वळखता येत न्हाई. आनि मरतंय कोन भावजी? गुंगतात निस्ते. नितळ पान्यात सोडलं की उठतात. सायबाला दाखवते की, हाय काय त्यात!"

"आगं, पर खाडीची कोळंबी..."

"मासा त्यो मासा. तुमी मला शिकवू नगासा."

भिकाजी कपाळावर हात मारून उठला. पारूनं दुसऱ्या दिवशी पहाटे रानात जाऊन ताजी, रसरशीत साल सोलली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि घाट उतरून नदीकाठच्या कद्र्याला गेली. तिथून होडीनं ओहोटीबरोबर कारवार. समुद्र तिनं तोवर पाहिलेला नव्हता. पाहून म्हणाली, "एवढं पानी आनि प्यायला एक घोट न्हाई, काय उपेग!"

परशुरामपंत तिथल्या कोडीबागेत एका भाड्याच्या घरात राहत होते. पडवीत फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या, आणि त्यांत खारं पाणी. खाडीत मलमलीचं फडकं ओढून धरलेली कोळंबीची पिल्लं त्यांत सोडायची होती. पिल्लं कसली, तांदळाच्या कणीएवढी, काचेसारखी आरपार. पारूनं बरणीला नाक लावून पाहिलं तर दोन काळे ठिपके तेवढे तिच्याकडे बघत होते. "डोळं हायत की!" ती म्हणाली, आणि तिला उगीचच कसंसं झालं.

ती पिल्लं पुरवायचं काम नागूकडे होतं. नागू खाडीतला मच्छीमार, अर्जावर पहिला अंगठा त्याचाच. तो पडवीच्या पायरीवर बसून राहायचा आणि पारूकडे बघायचा देखील नाही. पण तिच्या जेवणाची व्यवस्था पंतांनी त्याच्याच घरी लावलेली. नागूची बायको तिला दोन्ही वेळ भात-आमटी वाढायची, आणि एकदा सहज म्हणाली, "बाय, गेल्या वैशाखात जाळ्यात कोळंबी यायची ती मेलेलीच यायची. वासानं घरात बसवत नव्हतं. त्या साली आम्ही नुसता भात खाल्ला." पारूचा घास तोंडातच फिरत राहिला. आपल्या वाड्यासारखंच इथंही कुणी अर्धपोटी दिवस काढतं, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी पारूनं पायरीवरच साल कुटली आणि खाऱ्या पाण्यात पिळली. पंतांनी ते पाणी गाळून चमचाभर एका बरणीत घातलं, दोन चमचे दुसरीत, असं करत करत सहा बरण्या केल्या. सातवीत काहीच घातलं नाही. मग प्रत्येक बरणीत वीस-वीस पिल्लं सोडली.

"ही कोरी कशाला?" पारूनं विचारलं.

"त्या कोऱ्या बरणीतली पिल्लं मेली तर दोष बरणीचा किंवा पाण्याचा. ती जगली आणि बाकीची मेली तर दोष तुझ्या सालीचा."

पारूनं जरा विचार केला. "हे बाकी बरं केलासा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत सगळी मेली. कोऱ्या बरणीतलीसुद्धा! नागू उठून उभा राहिला, पंत कागदावर लिहायला लागले, तशी पारू कडाडली, "थांबा! लिवू नगासा! कोरीतली पन मेली. तुमीच म्हनालासा न्हवं, दोष बरनीचा? उनात ठेवलासा फळी. शिजली ती बिचारी!"

पंत शरमले. खरंच, पडवीत बारापासून कडक ऊन येत होतं. त्यांनी लिहिलेला कागद फाडला. तसा तो माणूस सरळ होता, नाहीतर रानातल्या बाईनं चूक दाखवली म्हणून कुणी कागद फाडतं का?

दुसऱ्या दिवशी फळी आतल्या खोलीत, सावलीत. पुन्हा वीस-वीस पिल्लं. या खेपेला कोरी बरणी खुशाल राहिली, आणि साल घातलेल्या बरण्यांतली पिल्लं एकेक करून आडवी झाली. पारू घाबरली नाही. तिला हे ठाऊकच होतं.

"आता नितळ पान्यात घाला. उठतात का न्हाई बघा."

पंतांनी फडक्यानं ती अलगद उचलून ताज्या खाऱ्या पाण्यात सोडली. पारू बरणीसमोर मांडी घालून बसली. बसली ती बसलीच. आरपार दिसणारी पिल्लं हळूहळू पांढरी पडत गेली, शिजलेल्या कणीसारखी. एकही हललं नाही. तिन्हीसांजेला तिनं बरणीवर टिचकी मारली, बरणी हलवली, "उठ गं बाय, उठ," असं हळूच म्हणून पाहिलं.

ओढ्यातला मासा उठतो, खाडीचा हा बारका जीव उठत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? साल कुटणाऱ्यांपैकी खाडीपर्यंत कुणी आलंच नव्हतं. भिकाजीचं ऐकलं असतं, वाळकी साल आणली असती, तर वाड्याची कोंड वाचली असती. आपल्या तोऱ्यानं आपण आठ घरांच्या तोंडचा घास काढला, असं तिला वाटलं, आणि त्या रात्री नागूच्या घरी ती जेवली नाही.

सकाळी पंत लिहायला बसले तेव्हा ती पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सायब, ही बरनी हाय. माझी कोंड बरनीएवढी न्हाई. आनि कोंडीपासनं हितवर येस्तोवर किती ओढं मिळतात, किती पानी वाढतंय, ते धरलासा का तुमी?"

पंतांनी लेखणी खाली ठेवली. "नाही धरलं. धरायला हवं. चल, पातळ करत जाऊन बघू."

मग तीन दिवस दोघांनी तेच केलं. पहिल्या बरणीतलं वाटीभर पाणी दुसऱ्या बरणीत, दुसरीतलं वाटीभर तिसरीत, असं पातळ करत करत सहा बरण्या. मापायचं काम पारूचं. तिचा हात एवढा सराईत की पंतांची वाटी तिच्या ओंजळीशी ताडून पाहिली तर थेंबाचा फरक नाही. पहिल्या चार बरण्यांतली सगळी मेली. पाचवीतली निम्मी. सहावीतली वीसच्या वीस जगली, आणि दुसऱ्या दिवशीही जगली. पंतांनी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. पारूला हसू आवरेना. नागू पायरीवरून आत येऊन सहाव्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिला.

पंतांनी तिला कोंडीची लांबी-खोली काठीच्या मापानं विचारली, वाटेत किती ओढे मिळतात ते विचारलं, आणि दुपारभर कागदावर आकडे मांडत बसले. मग तिला बोलावलं. नागूलाही बोलावलं.

"हे बघ बाई. कोंडीत एक-दोन टोपल्या साल पडली तर खाडीत पोचेस्तोवर ती सहाव्या बरणीइतकी पातळ होते. कोळंबीला काही होत नाही. पण पाच-सहाच्या वर गेली तर पाचवी बरणी, चौथी बरणी. मग नागूचं म्हणणं खरं. आता मला एकच सांग. तुमच्या वाड्यात कोंडीत किती टोपल्या पडतात?"

टोपल्या पडत होत्या आठ.

सासूच्या काळी पडायची एक. घरोघरची मूठ-मूठ साल, टोपली गावाची. पण तेव्हा घरं होती तीन. मग भाऊ वेगळे झाले, चुली वाढल्या, आणि प्रत्येक चुलीला वाटायला लागलं की आपली टोपली वेगळी असेल तरच माशांत आपला वाटा पक्का. मूठ देणारा तो मिंधा, टोपली आणणारा तो हक्काचा! अशा आठ चुलींच्या आठ टोपल्या झाल्या. पारूला हे कधी पटलं नव्हतं. एवढी साल कुटून तिचे हात महिनाभर बरे व्हायचे नाहीत. पण बोलली नव्हती. आठ टोपल्यांवर आठ पहिले घाव घालायला मिळायचे, त्याचाही तोरा होताच की.

आठ म्हटलं तर कोंड बंद. आणि नागू समोर बसलेला, त्याच्या घरचं मीठ पोटात.

"एक," पारू म्हणाली.

"घराला एक?" पंत काही बावळट नव्हते.

"न्हाई. गावाला एक. घरोघरची मूठ, टोपली एकच."

पंतांनी लिहून घेतलं. "मी माणूस पाठवून खात्री करीन हं," ते म्हणाले. ती होडीत चढताना नागूनं तिच्या हातात सुक्या कोळंबीचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाला, "एक असेल तर माझी तक्रार नाही बाय." त्या गाठोड्याचं ओझं तिला घाटभर सोसवेना. तिनं आयुष्यात शिव्या पुष्कळ दिल्या होत्या, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायची ही पहिली वेळ.

वाड्यावर आल्यावर तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भिकाजीनं मांडीवर थाप मारली.

"शाबास वैनी! सायबाला बरोबर गुंडाळलीस! आता घाला आठ, न्हाई तर दहा. कोन येतंय बघायला?"

"एकच पडनार," पारू म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे एक. मी एक सांगून आले, एकच पडनार. मला खोटी पाडू नगासा भावजी."

"आगं, पर तू खोटंच बोललीस की!"

"व्हय. म्हनूनच."

वाड्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. बायका म्हणाल्या, कारवारचं पाणी लागलं हिला. भिकाजी म्हणाला, एका टोपलीत आठ चुलींचा वाटा कसा धरायचा ते तिनंच सांगावं. पारू म्हणाली, सासूच्या वेळी धरत होता तसा, माणसं मोजून. तर कुणी ऐकून घेईना.

वैशाखात ठरल्या दिवशी सगळा वाडा कोंडीवर जमला. दगडासमोर सात टोपल्या ओळीनं मांडलेल्या, काठोकाठ. पारूनं आपली टोपली आणली ती रिकामी. ती दगडापाशी ठेवली आणि त्याच दगडावर चढून बसली.

"मूठ-मूठ घाला हितं. मग पयला घाव घालते."

कुणी हललं नाही. पारूही हलली नाही. तिच्या आधी दगड उचलायची कुणाची छाती नव्हती. रिवाज मोडून कुटलं तर कोंड कोरडी पडते असं सगळे लहानपणापासून ऐकत आलेले. ऊन डोक्यावर आलं. पोरं रडायला लागली. भिकाजी आधी रागावला, मग समजुतीच्या गोष्टी सांगून पाहिल्या, मग ओरडला, "पावसाळ्यात पोरं उपाशी ऱ्हायली तर तुझ्या दारात आनून टाकीन!"

"टाका," पारू म्हणाली. "माझं घर काय जेवनार हाय? मी बी तुमच्याबरूबर उपाशी. पर त्या खाडीतल्या मानसांनी मला जेवाय वाढलं वो. त्येंचं जाळं मी भरू मेलेल्या पिल्लांनी? त्या पिल्लांना डोळं हायत, मी बघितलंय."

मग भिकाजीचीच बायको तुळजा उठली. आपल्या टोपलीतली मूठभर साल घेतली, पारूच्या टोपलीत टाकली आणि नवऱ्याकडे न बघता जाऊन बसली. मग दुसरी उठली. मग तिसरी. भिकाजीनं शेवटपर्यंत मूठ टाकली नाही, पण अडवलंही नाही.

त्या साली मासे कमी मिळाले, ते मिळणारच होते. श्रावणात आंबील आणि रानभाजीवर दिवस काढताना पारूला लोकांनी काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तिचा मुलगा सहा महिने तिच्याशी धड बोलला नाही. पण दुसऱ्या सालीही ती दगडावर चढून बसली, तिसऱ्याही. चौथ्या साली बसायची गरज उरली नाही. मुठी आपोआप पडायला लागल्या. पुढं पुढं माशांचा तोटा जाणवेनासा झाला. कुणी म्हणे मासे वाढले, कुणी म्हणे सवय झाली. खरं काय, देव जाणे.

पारू मात्र दरवर्षी वाट बघायची. पंत खात्रीला माणूस पाठवणार म्हणाले होते ना? साल कुटायच्या दिवशी ती स्वच्छ लुगडं नेसून कोंडीवर जायची आणि वाटेकडे लक्ष ठेवून असायची. आला की सांगायचं: बघा, एक. मोजून घ्या. माणूस काही आला नाही. पंतांची बदली झाल्याचं कधीतरी कळलं. नागूही गेला म्हणे. तिनं ज्यांना सांगितलं होतं त्यांतलं कुणी उरलं नाही, तरी ती वाटेकडे बघायची थांबली नाही.

बारा वर्षांनी माणूस आला. जुनं दप्तर चाळताना कुणाच्या तरी हाती तो कागद लागला असावा. टोपी घातलेला एक कारकून कोंडीवर येऊन उभा राहिला. साल कुटून झाली होती, मासे उचलायची घाई चाललेली. पारूनं हात पुसले, पदर सारखा केला आणि पुढे झाली. पण कारकुनानं विचारलं ते बुदवंताला, आणि बुदवंत अजून भिकाजीच. म्हातारा झालेला, नजर अधू, पण अंगात ऐट तीच.

"काय हो, किती टोपल्या घालता?"

"एक."

"नक्की? आमच्याकडे तक्रार आहे जुनी. पूर्वी आठ-आठ पडायच्या असं म्हणतात."

भिकाजी ताडकन उभा राहिला. काठी आपटली. "कोन म्हनतो आठ? कोन त्यो लबाड, त्येला आना माझ्याम्होरं! आठ! कोंड हाय का उकिरडा? आमच्यात गावाची टोपली एक. घरोघरची मूठ. माझ्या बापाच्या बापापासनं एक!"

ढोंग नव्हतं ते. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कारकुनानं घाईघाईनं लिहून घेतलं आणि काढता पाय घेतला.

पारू खाली बसली. तिला हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

"हसतीस काय वैनी?" भिकाजी तिच्यावरही खेकसला. "बारा गावचा खोटारडा कोनतरी, आनि तू हसतीस! तू का गप बसलीस? सांगायचं न्हाईस त्येला?"

"मी काय सांगू भावजी," पारू म्हणाली. "तुमी खरं त्येच सांगितलासा."